साहेबांचे पाय चिकटले, त्याची हकिकत

आमच्या गावच्या पोरींनी कबड्डीसाठी सपाट जागा मागितली होती. एवढंच. लाकूड कुणी मागितलं नव्हतं.

मॅट त्यांच्याकडं होती. कुठल्याशा सरकारी योजनेतून निळेपिवळे चौकोनी तुकडे टेंपोनं आले होते. तुकड्यांना कडेनं दात असतात, दातात दात अडकवून ते अंथरायचे. पण शाळेच्या पटांगणात अंथरले की खालचे दगड वर पाठीला लागायचे आणि पोरगी पडली की तुकडा घेऊनच घसरायची. म्हणून सगळी मॅट शाळेच्या व्हरांड्यात रचून ठेवली. तिच्यावर गावातली कुत्री झोपायची. मॅटवरचा सराव आमच्या गावात सगळ्यात जास्त त्यांचाच झाला.

गाव पळसदरीच्या पलीकडं. संजना मॅडम शाळेत खेळ शिकवतात, भिसेगावहून रोज स्कूटीवर येतात. त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की सभागृहाची फरशी उंचसखल आहे, तेवढी सिमेंट ओतून सपाट करून द्या, आम्ही त्यावर मॅट टाकू. सरपंच विमलबाई लगेच हो म्हणाल्या. काम तिथंच संपायला पाहिजे होतं. पण ते साहेबांच्या कानावर गेलं.

साहेब कोण ते विचारू नका. तुमच्या तालुक्यात पण एक असेल, तसाच.

साहेबांनी मुंबईच्या कुठल्या तरी क्लबात लाकडी जमीन बघितली होती. भर सभेत म्हणाले, "माझ्या लेकी सिमेंटवर पडणार? माझ्या लेकी लाकडावर पडतील." टाळ्या पडल्या. त्यांच्या लेकी इतकी वर्षं खडीवर पडत होत्या आणि गुडघ्याला हळद लावून दुसऱ्या दिवशी परत पडत होत्या, हे टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. टाळ्या तरी वाजवल्याच. आपल्याकडं टाळीला हात लागतो, डोकं लागत नाही.

घाई होती ती सुरभीला. सुरभी ही आमच्या संघाची चढाईची पोरगी. समोरच्या अंगणात शिरली की एखाद्याला शिवल्याशिवाय परत येत नाही. कुमारी गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवडचाचणी, आणि ती मॅटवर, बूट घालून. मातीत पाय रुततो, मॅटवर पाय फिरतो. मातीत शिकलेली पोरगी मॅटवर पहिल्यांदाच गर्रकन वळली तर एक तर चढाई जाते नाही तर गुडघा. म्हणजे सुरभीला चाचणीच्या आधी मॅटवर खेळायला मिळालं पाहिजे होतं. नाही मिळालं तर खालापूरच्या बाजूला औषधाच्या गोळ्या भरायच्या कंपनीत तिच्या बहिणीशेजारचं स्टूल रिकामं होतं. बहीण रोज सांगायची, "ये गं, पंखा हाय तिथं."

तर लाकूड आलं. सुताराच्या माणसांनी फळ्या ठोकल्या, मशीन मारून घासल्या. आणि पॉलिशला आला रज्जाक.

रज्जाक खालापूरचा. अर्ध्या तालुक्यातल्या बंगल्यांचे दरवाजे त्याच्या हातचे. कामात वाईट नाही, पण कामापेक्षा कामाबद्दल बोलायला त्याला जास्त आवडतं. पहिल्याच दिवशी डबा उघडून त्यानं पोरींना उंबऱ्याबाहेर बसवलं आणि सुरुवात केली.

"हे पीयू पॉलिश. ह्याच्यात दोन जाती. एक पाण्यातलं, एक तेलातलं. पाण्यातलं चहा पिऊन येईस्तोवर वाळतं. हे तेलातलं. ह्याला वाळायला वेळ, आणि वाळलं म्हणजे झालं असं नाय. मुरावं लागतं. लोणचं भरलं की लगेच ताटात घेता काय?"

सुरभी म्हणाली, "आमी घेतो चाचा."

"म्हणून तुमची तोंडं अशी," रज्जाक म्हणाला. "ऐक पोरी. पहिला हात टर्पिन मिसळून पातळ मारायचा, तो लाकूड पितं. मग घासायचं. दुसरा हात. परत घासायचं. तिसरा हात. सगळे पातळ. मग दार लावून गप बसायचं. दसऱ्याला मॅट टाका. त्याच्या आधी टाकली तर चिकटंल, मग मला शिव्या देऊ नका."

दसरा ते चाचणी, मधला वेळ सुरभीला पुरत होता. तिनं मनाशी हिशोब केला. सगळं जमणार होतं.

तेवढ्यात साहेबांची तारीख आली.

तारीख घेऊन आला नवीन. ह्याला गाव नवीनशेठ म्हणतं. धंदा काय करतो ते कुणाला नीट सांगता येत नाही. साहेबांच्या गाडीच्या पुढं त्याची गाडी असते, हाच धंदा. त्यानं दारातून आत डोकं घातलं, दुसऱ्या हाताची जमीन बघितली आणि नाक मुरडलं.

"चमक कुठाय रं रज्जाक? आरसा पाहिजे. साहेबांचं तोंड दिसलं पाहिजे खाली."

"तिसरा हात बाकी हाय शेठ."

"मग तो जाड मार. एकदाच. परवा साहेब येतात."

"जाड मारला तर वरून साय धरंल, खाली दूध तसंच राहील. हवा पण दमट हाय."

"साहेब वरूनच बघणार हायत. खाली कोण बघतंय?"

रज्जाकनं ऐकायला नको होतं. त्यानं ऐकलं. आज विचारलं तर सांगतो की शेठनं दमदाटी केली. दमदाटी काही केली नव्हती. उद्घाटनाच्या बोर्डावर तुझं नाव टाकतो म्हणून सांगितलं होतं. त्यावर ह्या शहाण्यानं डबा अक्षरशः ओतला, आणि ब्रशनं नुसता पसरवला. बोर्डावर नाव आलं: 'रझाक पेंटर'. पेंटर म्हटल्याचं त्याला अजून झोंबतंय. बरं झालं.

नवीनशेठनं मग हॅलोजनचे दिवे आणून चारी कोपऱ्यांत लावले, मांडववाल्याकडचे उंच पंखे लावले. दोन दिवस सभागृह लग्नघरासारखं घुमत होतं. वास असा की शेजारच्या अंगणवाडीतली पोरं खाऊ न मागता झोपायला लागली. उद्घाटनाच्या सकाळी रज्जाकनं दाराजवळ बोट टेकवलं. बोट कोरडं निघालं. "झालं," तो म्हणाला. मनातून त्याला माहीत होतं की झालेलं नाही.

साहेब आले. सरपंच विमलबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, त्यांना तिसऱ्या रांगेत खुर्ची मिळाली, तीही ध्वनिक्षेपकाच्या खोक्यामागं. उंबऱ्यावर नारळ फुटला. आता ज्या जमिनीवर नारळ फुटतो तिथं चपला घालून कोण जाणार? साहेबांनी बूट काढले. फोटोवाला म्हणाला मोजे पण काढा साहेब, छान दिसेल. साहेबांनी मोजे काढले आणि उजवं पाऊल आत टाकलं. डावं टाकलं. असे ते चालत मधोमध गेले. वजनदार माणूस. साय फुटली आणि ते खालच्या दुधात उतरले.

बाहेरून काही कळलं नाही. एवढंच दिसलं की साहेब थांबले. साहेबांनी एकदा खाली बघितलं. पाय उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा पोळपाटाला चिकटलेली पोळी ओढल्यासारखा आवाज झाला. मग त्यांनी पाय उचलणं सोडून दिलं आणि तिथूनच भाषण सुरू केलं. लांबलचक भाषण. एकदाही जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की खेळाडूंच्या प्रश्नावर साहेबांची ठाम भूमिका.

भाषण संपल्यावर साहेब नवीनशेठकडं बघत राहिले. नवीनशेठ रज्जाककडं. रज्जाक आभाळाकडं. शेवटी चार जणांनी शाळेची बाकडी आत सरकवली, त्यावर उभं राहून साहेबांना काखेत हात घालून उपटलं आणि वरच्या वर दाराबाहेर काढलं. ढोलवाल्यांना वाटलं मिरवणूक, त्यांनी वाजवायला घेतलं.

मग पाय धुणं. कार्यकर्त्यांना एकच रीत माहीत. त्यांनी परात आणली, दूध आणलं, पाय धुतले, वरून कुंकू लावलं. तेलातलं पॉलिश दुधानं निघत नाही. त्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या. रज्जाकनं टर्पिनचा बोळा आणला आणि घासायला बसला. साहेबांच्या टाचा फुटलेल्या होत्या. टर्पिन भेगांत गेल्यावर साहेब जे बोलले ते लेकींसमोर बोलायचं नव्हतं.

गाड्या गेल्या. आत बघितलं तर जमिनीवर पावलं उमटलेली. उंबऱ्यापासूनची फिकी, मधली दोन मात्र खोल, बोट न् बोट मोजून घ्यावं अशी. आत जाणारी. परत येणारी एकही नाही.

सुरभी दारातून बघत म्हणाली, "चढाईला गेले आणि परतले नाय. बाद."

पोरी हसल्या. रज्जाक पण हसला. म्हणाला, "तेवढ्या फळ्या घासून घेतो, पातळ हात मारतो. दसऱ्याच्या जागी थोडं पुढं जाईल एवढंच."

त्याचा पॉलिश पेपर फळीला लागायच्या आत नवीनशेठ परत आला. त्यानं पावलं बघितली, आणि त्या माणसाच्या डोक्यात काय चमकलं देव जाणे, त्यानं वाकून नमस्कार केला.

"घासतोस काय? साहेबांची पावलं हायत ती."

"डाग हायत शेठ."

"तुझ्या बापाला डाग दिसले असतील. संतांच्या पादुका असतात का नाय गावोगाव? आपल्याला एवढ्या सहज मिळाल्या."

दुसऱ्या दिवशी मधल्या दोन पावलांभोवती स्टीलचे खांब आणि लाल दोरी आली. झेंडूचा हार आला. निरांजनही येत होतं, पण रज्जाक आडवा पडला. "आग नको शेठ, ह्याचा वास अजून पेट घेणारा हाय. पावलांबरोबर सभागृह पण जाईल." म्हणून विजेवरची समई आली. लोक बघायला यायला लागले. खालापूरहून एक जण सहकुटुंब आला, त्याला बदली पाहिजे होती.

संजना मॅडम नवीनशेठला भेटायला गेल्या. शिकलेली बाई, नीट शब्द जुळवून गेली.

"चाचणी मॅटवर आहे. मॅट पूर्ण टाकली नाही तर सरावाला अर्थ नाही. पावलं बरोबर मध्यरेषेजवळ येतात."

"म्हणजे पोरी साहेबांच्या पावलांवर नाचणार?"

"नाचणार नाहीत. खेळणार."

"मॅडम, तुमची नोकरी पक्की हाय ना?" नवीनशेठनं अगदी काळजीनं विचारलं.

मॅडम परत आल्या. मग त्या दुसऱ्या पक्षाच्या लोकांकडं गेल्या, की तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, बोलणारच आहोत. ही पावलं म्हणजे निकृष्ट कामाचा ढळढळीत पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत पुराव्याला हात लावू देणार नाही.

ग्रामपंचायत झाल्यापासून आमच्या गावात दोन्ही पक्षांचं कशावर एकमत झालं नव्हतं. पाण्याच्या टाकीवर नाही, स्मशानाच्या शेडवर नाही. ह्या पावलांवर झालं. हलवायची नाहीत.

सुरभी एकटीच रज्जाककडं गेली. तो एका बंगल्याचा जिना पॉलिश करत होता.

"चाचा, पहाटे येऊन घासून जा की. कुणाला कळणार नाय."

रज्जाकनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ह्या वेळी तो फार बोलला नाही.

"पोरी, माझं नाव रज्जाक हाय. साहेबांची पावलं दुसऱ्या कुणी पुसली तर पुसली. मी पुसली तर उद्या माझ्या दारात कोण कोण येईल आणि काय काय म्हणंल, तुला ठाव हाय."

तिला ठाव होतं. निघताना तिनं एवढंच विचारलं, "आत्ता मॅट टाकली तर काय होईल?"

"सांगितलं ना, चिकटंल. खालचं अजून मुरलं नाय."

"मुरायची वाट बघत बसले तर मीच मुरंन," सुरभी म्हणाली आणि सरळ विमलबाईंच्या घरी गेली.

विमलबाई तांदूळ निवडत होत्या. सभागृहाची किल्ली कायद्यानं त्यांच्याकडं. सुरभीनं मागितली.

"नवीनला विचारलंस?" विमलबाई म्हणाल्या.

"नाय काकी."

"बरं केलंस." त्यांनी कनवटीची किल्ली काढली. "मला तरी उद्घाटनाला कुणी काय विचारलं? जा."

नवीनशेठ साहेबांबरोबर कुठल्याशा अधिवेशनाला गेला होता. सकाळची शाळा सुटल्यावर पोरींनी मॅट खांद्यावरून आणली. खांब, दोरी, समई नीट उचलून कोपऱ्यात ठेवली, हार समईला घातला. कुत्र्यांचे केस झाडले. दातात दात अडकवत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरली. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना नोकरी पण दिसत होती आणि सुरभी पण. त्यांनी पर्समधून शिट्टी काढली.

पहिल्या दिवशी सुरभी दर चढाईला पडली. पाय जिथं रुतेल म्हणून टाकायची तिथून तो पुढं सरकायचा. दुसऱ्या दिवशी कमी पडली. नंतर मॅडमनी तिला बुटाच्या टोकावर वळायला शिकवलं आणि ती वळायला लागली. पोरी दणादण आपटत होत्या. प्रत्येक आपटण्यासरशी मॅट खालच्या ओल्या पॉलिशमध्ये आणखी रुतत होती, ते कुणाच्या ध्यानात नव्हतं.

नवीनशेठ परतला तो साहेबांच्या चार पाहुण्यांना घेऊन, पावलं दाखवायला. दार उघडलं तर आत घामाचा वास आणि कबड्डी कबड्डीचा घोष.

त्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. "कुणी टाकली?"

"मी टाकली," सुरभी म्हणाली.

"काढ."

"तुमी काढा. मला चढाई करायची हाय."

मॅडमनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. विमलबाईंना कुणी तरी निरोप दिला, त्या पदर खोचत आल्या. नवीनशेठनं आपल्या पोरांना खूण केली. मध्यरेषेजवळचा एक तुकडा दोघांनी धरून ओढला. निघेना. तिघांनी ओढला. कडेचे दात सुटले, पण तुकडा जमिनीला घट्ट. मग चौघांनी पाय रोवून जोर लावला, आणि चर्र करून तुकडा वर आला. ओढणारे चौघंही मागच्या पाहुण्यांवर पडले. शेजारचा तुकडाही तसाच उपटला.

खाली बघितलं तर कोरी फळी. पांढरी, घासल्यासारखी. पावलं नाहीत. साय आणि तिच्यावरची पावलं मॅटला चिकटून वर आली होती.

"घालवलीस ना पावलं," नवीनशेठ सुरभीला म्हणाला.

"मी हातसुद्धा लावला नाय. ओढली तुमी."

हे खरंच होतं, आणि पाहुण्यांनी बघितलं होतं. नवीनशेठ चटकन सावरला. असल्या माणसांना सावरायला फार वेळ लागत नाही. त्यानं दोन्ही तुकडे पालथे करून भिंतीला टेकवले, डाव्या पावलाचा डावीकडं, उजव्याचा उजवीकडं. "काही बिघडलं नाय. आता फ्रेम करून साहेबांच्या कार्यालयातच लावू."

सगळे बघत राहिले. काही तरी चुकल्यासारखं वाटत होतं. बोटं दिसत होती, टाचेच्या भेगा दिसत होत्या, पण अंगठे बाहेरच्या अंगाला आणि करंगळ्या आत.

विमलबाई पुढं झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "नवीन, ही उलटी पावलं हायत रं."

"छाप उलटाच पडतो काकी. शिक्का नाय का मारत आपण पंचायतीत?"

"तसंच असंल. मी काय शिकलेली नाय. पण उलटी पावलं कुणाची असतात, ते आमाला लहानपणी सांगितलंय."

कुणी तो शब्द उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती. हडळीचे पाय उलटे असतात हे आमच्याकडं चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. ज्या चौघांनी तुकडे उपटले होते ते आपले हात पँटला पुसायला लागले. नवीनशेठनं तुकड्यांची अदलाबदल केली, डावीकडचा उजवीकडं ठेवला. आता अंगठे आत आले. पण डावा पाय उजवा झाला, उजवा डावा झाला, आणि एकदा डोळ्यांना उलटं दिसलेलं सुलटं कसं दिसणार? पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, आम्ही निघतो, उशीर होतो.

"गाडीत ठेवा रं हे," नवीनशेठ म्हणाला.

ड्रायव्हर जागचा हलला नाही. "शेठ, मला आत्ता बोरघाटातून जायचंय. हे नको गाडीत."

"अरे साहेबांची पावलं हायत."

"साहेबांचीच असू देत. घाट उतरल्यावर सांगा, ठेवतो."

"तुझ्या घरी ठेव मग नवीन," विमलबाई म्हणाल्या. "देव्हाऱ्याजवळ जागा हाय की."

नवीनशेठची आई बाळंतपणाला आलेल्या लेकीचं करत होती. त्या घरात उलटी पावलं घेऊन तो उंबऱ्यातसुद्धा शिरू शकला नसता. हे विमलबाईंना माहीत होतं आणि त्यालाही. तुकडे जाळता येत नव्हते, फेकता येत नव्हते, ठेवता येत नव्हते. दुसऱ्या पक्षाचा एक जण दारात येऊन मोबाइल काढायला लागला होता.

"लावा जागच्या जागी," नवीनशेठ हळूच म्हणाला. "पावलं खाली करून."

"पण पोरी वर नाचतील," मॅडम म्हणाल्या. तोंडावरची रेघ हलली नाही त्यांच्या.

"नाचू देत. लावा लवकर."

त्याच्या पोरांपैकी कुणी हात लावेना. सुरभीनं आणि दुसऱ्या एका पोरीनं तुकडे उचलले, पटापट दातात दात बसवले, वरून पायानं ठोकून घट्ट केले. दुसऱ्या पक्षाच्या माणसाला फोटो काढायला निळंपिवळं मैदान तेवढं मिळालं.

संध्याकाळी रज्जाक येऊन बघून गेला. बसून त्यानं मॅटची कड उचकायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. "आता ही जल्मात निघत नाय," तो म्हणाला. "एवढी आरशासारखी जमीन केली मी, कुणाला दिसायची पण नाय." आणि मग पुढचा अर्धा तास तो त्या जमिनीबद्दल बोलत बसला.

चाचणीला थोडेच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी शाळेच्या आधीच पोरींना बोलावलं. सुरभी बुटाची नाडी आवळत होती तेव्हा नवीनशेठ एकटाच आला. चपला दारात काढल्या. मॅटवर आला, वाकून वाकून तुकडे बघायला लागला, कुठं पाय ठेवावा आणि कुठं ठेवू नये ते त्याला कळेना.

"सुरभी, ते दोन कुठले गं?"

"कुणाला ठाव. घाईत लावले."

तो तसाच मध्यरेषेवर उभा राहिला, एक पाय अर्धवट उचललेला. समोरच्या अंगणात सात पोरी हातात हात गुंफून तयार होत्या. मॅडमनी शिट्टी तोंडात धरली.

सुरभी म्हणाली, "नवीनशेठ, रेषा सोडा. चढाई चालू हाय."

शिट्टी वाजली. तो भिंतीकडं सरकला.